गुरूची वही कोणी पाहिली आहे काय?

सुताचा व्यापारी गोणी उघडून पाहिल्याशिवाय भाव ठरवत नाही. कोन हातात घेऊन काउंट बरोबर आहे की नाही, धागा कितपत टिकतो, हे तो स्वतः तपासतो. कोऱ्या कापडाचा खरेदीदार ताका उलगडतो, पन्ना मोजतो, कापड उजेडासमोर धरून खोट शोधतो. नव्या पार्टीला उधारीवर माल द्यायचा असेल तर दलालाला विचारतो, तिच्याशी आधी व्यवहार केलेल्या दोन पेढ्यांना विचारतो आणि मगच गाडी भरतो. हे शहाणपण भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीच्या बाजारात कोणाला शिकवावे लागत नाही. ते बापाच्या गद्दीवर बसूनच अंगी येते.

परंतु हाच व्यापारी, किंवा त्याचा कमावता मुलगा, मोबाईलवरील एखाद्या गुंतवणूक गटात शिरला की ताका न उलगडताच पैसे मोजून मोकळा होतो. "सरांनी सांगितले आहे", एवढे त्याला पुरेसे वाटते. सर कोण, त्यांचा पेशा काय, त्यांनी स्वतः किती कमावले व किती गमावले, हे विचारावेसे त्याला वाटत नाही. गोणीभर सुतासाठी दहा प्रश्न विचारणारा माणूस आयुष्याच्या पुंजीसाठी एकही प्रश्न विचारत नाही, हे कसे होते? वाचकहो, या प्रश्नाचा शांतपणे विचार करण्याची वेळ आली आहे.

मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती. मार्च २०२५ मध्ये ती १९ कोटींच्या वर गेली. टाळेबंदीत माग बंद, दुकाने बंद, हातात मोबाईल आणि खिशात थोडी शिल्लक, अशा अवस्थेत लाखो तरुण शेअर बाजारात आले. येणे वाईट नव्हते. चांगल्या कंपनीत दीर्घ काळासाठी भागीदार होणे हा तर व्यापारच आहे. पण बाजाराचे ज्ञान घेण्यास वेळ लागतो आणि गटात सामील होण्यास एक क्षण पुरतो. त्यामुळे यातील पुष्कळांनी ज्ञानाचा रस्ता सोडून गटाचा रस्ता धरला.

गट बनतो कसा?

असा गट एका दिवसात बनत नाही. प्रारंभी तेथे खरोखरच शिकण्याचे वातावरण असते. ताळेबंद कसा वाचावा, कर्ज किती असावे, यावर चर्चा होते. मग गटातील एका व्यक्तीचे दोन-चार अंदाज बरोबर ठरतात. बाजार चढता असला की बहुतेकांचे अंदाज बरोबर ठरतात, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही. ती व्यक्ती "सर" होते, "गुरू" होते, आणि हळूहळू चर्चेची जागा तिची स्तुती घेते.

यानंतर दोन गोष्टी घडतात. पहिली गोष्ट अशी की, ज्याला फायदा झाला तो लगेच आपल्या खात्याचे चित्र गटात टाकतो आणि ज्याचे नुकसान झाले तो गप्प बसतो. घरात बायकोला सांगण्याची ज्याला लाज वाटते, तो पाचशे लोकांसमोर काय सांगणार? परिणामी गटात फक्त नफाच दिसतो. पाचशेपैकी पन्नास जण कमावत असतील आणि साडेचारशे बुडत असतील, तरी वाचणाऱ्याला वाटते की सगळेच कमावत आहेत, मी एकटाच कमनशिबी आहे. मग आपले नुकसान भरून काढण्यासाठी तो आणखी मोठा डाव लावतो.

दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. एखादा शहाणा सभासद विचारतो, "सर, मागील महिन्यात सांगितलेल्या त्या शेअरचे काय झाले?" उत्तर सर देत नाहीत, त्यांचे भक्त देतात. "तुम्हाला विश्वास नसेल तर गट सोडा", "नकारात्मक बोलू नका", "अभ्यास करा मग बोला". दुसऱ्यांदा विचारले तर त्याला गटातून काढून टाकतात. एक प्रश्नकर्ता गेला की बाकीचे चार आपोआप तोंड बंद करतात. उरतात ते फक्त मान डोलावणारे. उर्दूत याला भेडचाल म्हणतात. पण येथे मेंढरांना कोणी काठीने हाकत नाही, मेंढरेच एकमेकांना हाकतात.

आकडे काय सांगतात?

अशा गटांतील बहुतेक उपदेश सरळ शेअर खरेदीचा नसतो. तो वायदे आणि ऑप्शनचा असतो, कारण थोड्या पैशात मोठा सौदा करण्याचा मोह तेथे आहे. या सौद्यात एकाचा नफा म्हणजे दुसऱ्याचे नुकसान, आणि दलाली व कर दोघांनाही भरावा लागतो.

बाजाराची नियामक संस्था सेबी हिने सप्टेंबर २०२४ मध्ये या व्यवहारांचा हिशेब प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत १ कोटीहून अधिक व्यक्तींनी हे सौदे केले. त्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. तोट्यातील प्रत्येकाचे सरासरी नुकसान सुमारे २ लाख रुपये होते आणि सर्वांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. खर्च वजा जाता १ लाखाहून अधिक कमावणारे शंभरात एक निघाले. २०२४-२५ चा हिशेब आला तेव्हाही ९१ टक्के लोक तोट्यातच होते आणि त्या एका वर्षाचा तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या वर होता.

सेबीच्या याच हिशेबात आणखी दोन गोष्टी आहेत. या सौद्यांत पडलेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांचे वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत होते. म्हणजे बुडणारे लोक शेठ नव्हते. ते नोकरदार, कारागीर, छोटे दुकानदार होते. आणि लागोपाठ तोटा होऊनही तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांनी हे सौदे चालूच ठेवले. आमच्या धंद्यात सलग दोन वर्षे तोटा देणारा माल तिसऱ्या वर्षी कोणी भरत नाही. मग येथे का भरतात? कारण गट त्यांना सोडू देत नाही. तोटा झाला तर दोष मालाचा नाही, तुमच्या धीराचा आहे, असे त्यांना रोज सांगितले जाते.

हे नवे नाही

हे मोबाईलमुळे आले, असे मानणे चूक होईल. १९९१-९२ मध्ये मोबाईल नव्हता, तरी मुंबईत हर्षद मेहता "बिग बुल" झाला होता. सेन्सेक्स १९९१ च्या प्रारंभी हजाराच्या आसपास होता, तो २२ एप्रिल १९९२ रोजी ४,४६७ वर गेला. एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर सुमारे २०० रुपयांवरून ९,००० च्या आसपास नेण्यात आला. लोकांनी विचारले नाही की सिमेंटची गोणी तीच, भट्टी तीच, मग शेअरची किंमत चाळीस पटींहून अधिक कशी? त्या तेजीमागे बँकांचा पैसा होता, हे एप्रिल १९९२ मध्ये पत्रकार सुचेता दलाल यांनी उघडकीस आणले आणि बाजार कोसळला.

यापुढचा भाग पुष्कळांना ठाऊक नाही. तुरुंगातून सुटल्यानंतर १९९७-९८ च्या सुमारास हाच हर्षद मेहता वृत्तपत्रांतील स्तंभातून आणि स्वतःच्या संकेतस्थळावरून शेअरच्या शिफारशी देऊ लागला, आणि लोक पुन्हा त्याच्या मागे गेले! १९९८ मध्ये बीपीएल, व्हिडिओकॉन आणि स्टरलाईट या शेअरांचे प्रकरण उभे राहिले व २००१ मध्ये सेबीने त्याला बाजारातून कायमचे दूर केले. एकदा पोळल्यावर लोक शहाणे होतात, हा समज येथे खोटा ठरला. २०२० मध्ये त्याच्या आयुष्यावर मालिका आली, तेव्हा ज्यांचा जन्मही १९९२ मध्ये झाला नव्हता अशा तरुणांनी तिचे संगीत मोबाईलची घंटी म्हणून लावले. मालिकेतील पडझड ते विसरले, गाडी आणि बंगला तेवढा लक्षात राहिला.

अमेरिका तर शिकलेल्यांचा देश. तेथे जानेवारी २०२१ मध्ये काय घडले ते पाहा. गेमस्टॉप ही व्हिडिओ गेम विकणाऱ्या दुकानांची मंदावलेली कंपनी. महिन्याच्या प्रारंभी तिचा शेअर २० डॉलरच्या आत होता. मोठ्या फंडांनी तो पडेल म्हणून सौदे केले होते. रेडिट या संकेतस्थळावरील "वॉलस्ट्रीटबेट्स" नावाच्या गटाने तो एकजुटीने विकत घेण्यास सुरुवात केली आणि २८ जानेवारीला भाव ४८३ डॉलरपर्यंत पोचला. मेल्विन कॅपिटल या फंडाने त्या एका महिन्यात निम्म्याहून अधिक भांडवल गमावले. गरिबांनी श्रीमंतांना धडा शिकवला, असा जल्लोष झाला. पण गटात एक नियम रूढ झाला होता: जो विकेल तो गद्दार. फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात भाव ६० डॉलरच्या खाली आला. ज्यांनी तीनशे-चारशे डॉलरला घेतले आणि गद्दार ठरण्याच्या भीतीने धरून ठेवले, त्यांचे काय झाले असेल, हे हिशेब करणाऱ्यास सांगावयास नको.

या गटाचा नायक होता कीथ गिल. त्याने आपला अभ्यास उघडपणे मांडला होता आणि आपण कोणाला खरेदी करण्यास सांगितले नाही, असे अमेरिकन संसदेच्या समितीसमोर सांगितले. परंतु लोकांना अभ्यास नको होता, त्यांना नायक हवा होता. तीन वर्षे गप्प राहून मे २०२४ मध्ये त्याने केवळ एक चित्र प्रसिद्ध केले. खुर्चीत पुढे सरसावून बसलेला एक माणूस, एवढेच. त्या चित्रावर गेमस्टॉपचा शेअर एका दिवसात ७० टक्क्यांहून अधिक चढला आणि आठवडा संपेपर्यंत उतरलाही. कंपनीत काहीही बदलले नव्हते. व्यक्तिपूजा याहून अधिक काय असते?

वही उघडली तेव्हा

नायकाची वही उघडल्यावर काय निघते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. "बाप ऑफ चार्ट" या नावाने यूट्यूबवर शेअर बाजाराचे धडे देणाऱ्या एका गुरूविरुद्ध सेबीने ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला. नोंदणी न करता सल्ला देऊन सुमारे १७ कोटी २० लाख रुपये लोकांकडून गोळा केल्याचे आदेशात म्हटले होते व ती रक्कम जमा करण्यास सांगण्यात आले. परंतु मला त्या आदेशातील दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात या गुरूच्या स्वतःच्या सौद्यांत २ कोटी ८९ लाखांचे निव्वळ नुकसान झाले होते.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. बाजारात तोटा, शिकवणीत नफा. म्हणजे गुरूचे दुकान शेअर बाजारात नव्हते, ते शिष्यांच्या खिशात होते. लाखो लोक त्याला पाहत होते, पण वही मागणारा कोणी नव्हता. ती सरकारी संस्थेने मागितली तेव्हा दिसली.

यापेक्षाही सरळ लूट असते. एखाद्या अगदी छोट्या कंपनीचा शेअर आधी स्वस्तात गोळा करायचा, मग तिच्याविषयी खोट्या बातम्या पसरवायच्या आणि शिष्य खरेदीला धावले की आपला माल त्यांच्या गळ्यात मारायचा. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरविषयी २०२२ मध्ये यूट्यूबवर असेच व्हिडिओ आले. एक बडा उद्योगसमूह ही कंपनी घेणार, अशी थाप त्यांत होती. सेबीने २०२३ मध्ये या प्रकरणी कारवाई केली. गटातील सभासदाला वाटते आपण गिऱ्हाईक आहोत. प्रत्यक्षात तो खपवायच्या मालाची शेवटची उतरंड असतो.

आपल्या माणसावर विश्वास

हा दोष परक्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही. बंगळुरू येथील आय मॉनेटरी अॅडव्हायझरी, म्हणजे आयएमए, २००६ मध्ये सुरू झाली. व्याज नाही, हलाल भागीदारी आहे, असे सांगून ठेवी घेतल्या गेल्या. दरमहा नफा मिळत होता, म्हणून एकाने दुसऱ्याला आणले, दुसऱ्याने मेहुण्याला. मालक मोहम्मद मन्सूर खान याचे नाव आदराने घेतले जाई. जो शंका घेई त्याला उत्तर मिळे की, आपल्याच माणसाचा उत्कर्ष तुम्हाला पाहवत नाही. जून २०१९ मध्ये दरवाजे बंद झाले, मालक दुबईला गेला आणि पुढच्या महिन्यात परतताच त्याला अटक झाली. चाळीस हजारांहून अधिक लोकांनी तक्रारी नोंदवल्या. त्यांत विधवा होत्या, मुलीच्या लग्नासाठी दागिने मोडलेले होते, निवृत्तीची रक्कम ठेवलेले होते. नव्यांच्या ठेवीतून जुन्यांना नफा दिला जात होता, असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे.

भागीदारीत नफा-तोटा दोन्ही असतात. मग वर्षानुवर्षे एकाही महिन्यात तोटा कसा आला नाही? हा साधा प्रश्न कोणत्याही किराणा दुकानदाराला सुचला असता. तो सुचला नाही असे नाही. विचारण्याचे धाडस झाले नाही. कारण धंद्याविषयीचा प्रश्न हा धर्माविषयीचा अविश्वास समजला गेला. धर्माचे नाव हे व्यवहाराच्या वहीला पर्याय होऊ शकत नाही. उलट जो धर्माचे नाव घेऊन पैसा मागतो, त्याची वही दुप्पट काळजीने पाहिली पाहिजे.

विश्वासावरच तर बाजार चालतो?

काही बंधू म्हणतील, आमचा सगळा बाजार विश्वासावर चालतो, चिठ्ठीवर लाखोंचा माल जातो, मग येथेच एवढा संशय का? हा प्रश्न योग्य आहे. पण बाजारातील विश्वास आंधळा नसतो. दलालाने चुकीची पार्टी लावून दिली तर पुढच्या वेळी त्याला कोणी विचारत नाही, त्याची पत जाते. पेमेंट थकले की चार दिवसांत सगळ्या गल्लीला कळते. विश्वास येथे रोज तपासला जातो आणि वाईट बातमी चांगल्या बातमीपेक्षा वेगाने फिरते. मोबाईलच्या गटात नेमके उलट होते. वाईट बातमी दाबली जाते आणि चुकीचा सल्ला देणाऱ्याचे काहीच जात नाही. त्याची फी आधीच जमा झालेली असते.

दुसरे असे की, सगळेच गट वाईट नसतात. ताळेबंद वाचण्यास शिकवणारे, तोटाही उघड सांगणारे प्रामाणिक लोक आहेत. त्यांची ओळख एकच: ते प्रश्नाला उत्तर देतात, प्रश्नकर्त्याला हाकलत नाहीत.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश याने १९५१ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग केला होता. काही रेषा दाखवून, दिलेल्या रेषेइतकी लांब कोणती, एवढेच विचारायचे. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत होते. परंतु खोलीतील इतर सर्वांनी, ठरवून, चुकीचे उत्तर दिले की खऱ्या परीक्षार्थींची सुमारे एक तृतीयांश उत्तरे चुकीची येत. मात्र इतरांपैकी फक्त एकाने बरोबर उत्तर दिले की हे प्रमाण झपाट्याने खाली येई. गटात खरे बोलणारा एक माणूस असला की बाकीच्यांच्या डोळ्यांवरची पट्टी निघते. म्हणून गटातून पहिल्यांदा त्यालाच काढतात.

आपल्याकडे मशवरा हा शब्द घरोघर आहे. मशवरा म्हणजे एकाने सांगायचे आणि इतरांनी मान डोलावायची, असे नव्हे. वेगळे मत असलेल्याला बोलू देणे, हाच त्याचा अर्थ. जेथे विरोध करण्यास मनाई आहे, तेथे मशवरा नाही, मुजरा आहे.

करावे काय?

पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. पहिली, सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे काय? नोंदणी क्रमांक मागावा आणि सेबीच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. दुसरी, त्याचे उत्पन्न कशातून येते, बाजारातून की आपल्या फीतून? तिसरी, एक-दोन फायद्याच्या सौद्यांची चित्रे नकोत, सबंध तीन वर्षांचा तोट्यासह हिशेब दाखवतो काय? चौथी, तो नक्की नफ्याची हमी देतो काय? हमी देत असेल तर तेथेच उठावे; शेअर बाजारात अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. आणखी एक खूण लक्षात ठेवावी. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने स्पष्ट केले की, जो केवळ शिक्षण देतो म्हणतो त्याने मागील तीन महिन्यांतील शेअरचे भाव शिकवणीत वापरू नयेत. तेव्हा "आम्ही फक्त शिकवतो" म्हणणारा जर आज घ्या, उद्या विका असे सांगत असेल, तर ती शिकवणी नव्हे.

आणि ज्यांच्या घरात तरुण मुले आहेत त्यांना एक विनंती. मुलगा तोट्यात गेला असेल तर त्याला चारचौघांत लाज आणू नका. लाजेमुळेच तो गप्प बसतो, गप्प बसल्यामुळेच शेजारचा मुलगा त्याच खड्ड्यात जातो, आणि लाजेमुळेच तो भरपाईसाठी कर्ज काढतो. ज्याने गमावले त्याला बोलू द्या. मशिदीबाहेरच्या चहाच्या टपरीवर, संघटनेच्या बैठकीत, गद्दीवर त्याचा अनुभव ऐका. नफ्याची शंभर चित्रे जे शिकवणार नाहीत, ते अशा एका माणसाच्या दहा वाक्यांतून समजेल.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असे मराठीत म्हणतात. मी त्यात एवढेच जोडीन की, ज्याचे ऐकायचे त्याची वही आधी पाहावी. तो दाखवीत नसेल तर आपली पुंजी आपल्याच गल्ल्यात राहू द्यावी. तेथे ती वाढणार नाही, हे खरे. पण परक्याच्या बंगल्यालाही लागणार नाही.